हौशी रेडिओची देशयादी आणि दक्षिणेतील सत्तांतरे

याद्या हे इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन होय. सनदा, महजर, बखरी आणि पत्रव्यवहार यांचा अभ्यास आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. परंतु निरनिराळ्या संस्थांनी आपापल्या सोयीसाठी गावांच्या, भाषांच्या किंवा देशांच्या ज्या याद्या वेळोवेळी तयार केल्या, त्यांजकडे साधन म्हणून क्वचितच पाहिले गेले. यादी करणारा मनुष्य सहसा इतिहास लिहावयास बसलेला नसतो. त्याला काहीतरी मोजावयाचे असते, वाटावयाचे असते किंवा वसूल करावयाचे असते. म्हणूनच त्याने कोणते नाव घातले, कोणते गाळले आणि कोणते केव्हा खोडले, यावरून त्या काळी 'देश' किंवा 'राज्य' या शब्दांचा व्यवहारातील अर्थ काय होता हे कळण्यास मदत होते. प्रस्तुत लेखात अशाच एका यादीचा विचार करावयाचा आहे. ही यादी हौशी रेडिओचालकांची असून, आपल्या दक्षिणेत १९४७ नंतर जी सत्तांतरे झाली त्यांची नोंद तिने कशी घेतली, व कोणती मुळीच घेतली नाही, हा आपला विषय आहे.

प्रथम या यादीचे स्वरूप सांगणे आवश्यक आहे. हौशी रेडिओ म्हणजे नभोवाणी नव्हे. नभोवाणीवर एक बोलतो व असंख्य ऐकतात. हौशी रेडिओवर परवानाधारक व्यक्ती स्वतःच्या यंत्रावरून दुसऱ्या अशाच व्यक्तीशी संभाषण करते, मग ते मोर्सच्या कड-कट्ट संकेतांनी असो वा प्रत्यक्ष आवाजाने असो. या लोकांना बोलीभाषेत 'हॅम' म्हणतात. प्रत्येक चालकास सरकारकडून एक संकेतनाम मिळते, आणि त्या संकेतनामाची पहिली अक्षरे तो कोणत्या देशातून बोलत आहे हे दर्शवितात. आपल्याकडे गावाच्या नावास 'कर' प्रत्यय लावून उदगीरकर, निलंगेकर अशी आडनावे होतात व आडनावावरून मूळ गाव कळते, तशातलाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की येथे ठिकाण दाखविणारा अंश नावाच्या आरंभी येतो. १९२७ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ही अक्षरे राष्ट्रांना वाटून देण्यात आली. हिंदुस्थानच्या वाट्यास 'व्हीटी' पासून 'व्हीडब्ल्यू' पर्यंतचा गट आला, आणि त्यांतील 'व्हीयू' ही अक्षरे हौशी चालकांकडे गेली. पोर्तुगीज वसाहतींस 'सीआर' ही अक्षरे मिळाली. पोर्तुगीज हिंदुस्थानचे चिन्ह 'सीआर ८' असे झाले. फ्रेंच हिंदुस्थानचे 'एफएन ८' होते.

दूरदूरच्या देशांशी संभाषण साधणे हा या छंदाचा मोठा आनंद आहे. संभाषण झाल्याची खूण म्हणून उभयपक्षी एक छापील पत्र टपालाने पाठविण्याची रीत आहे. त्यास क्यूएसएल पत्र म्हणतात. किती देशांशी बोलणे झाले हे मोजू लागताच 'देश कशास म्हणावयाचे' हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकन रेडिओ रिले लीग या संस्थेच्या 'क्यूएसटी' मासिकात ऑक्टोबर १९३५ मध्ये क्लिंटन डिसोटो यांनी या प्रश्नावर लेख लिहिला. भौगोलिक किंवा राजकीय दृष्ट्या जो जो प्रदेश स्वतंत्रपणे वेगळा दिसतो तो तो एक देश मानावा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९३७ साली या तत्त्वावर 'डीएक्स सेंच्युरी क्लब' स्थापन झाला. शंभर देशांशी संभाषण झाल्याचा पुरावा जो देईल त्यास मानपत्र मिळू लागले. दुसऱ्या महायुद्धामुळे बहुतेक देशांत हौशी रेडिओ बंद पडला होता. तो संपल्यावर गणना नव्याने सुरू झाली, आणि १५ नोव्हेंबर १९४५ पासूनची संभाषणेच तीत धरली जातात. म्हणजे आजच्या यादीचा आरंभ आणि साम्राज्ये मोडण्याचा आरंभ हे जवळजवळ एकाच वेळचे आहेत. नव्या गणनेस दोन वर्षेही पुरी झाली नव्हती तोच हिंदुस्थान स्वतंत्र झाला.

डिसोटो यांच्या व्याख्येत 'भौगोलिक किंवा राजकीय' असा विकल्प आहे, तो फार महत्त्वाचा आहे. एकच शब्द दोन अर्थांनी वापरण्याची ही मुभा होती. मराठी माणसास यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या 'देश' या शब्दाने हिंदुस्थान हा देश जसा समजतो, तसा कोकणाहून वेगळा असा घाटमाथ्यावरचा प्रदेशही समजतो. 'देशावर जाणे', 'देशस्थ' हे प्रयोग या दुसऱ्या अर्थाचे आहेत. 'विलायत' म्हणजे मूळ अरबीत एखाद्या सुभेदाराच्या अंमलाखालचा प्रांत. मराठीत तो शब्द इंग्लंडास चिकटला. 'मुलूख' शब्दाची कथा आमच्या मराठवाड्याला विशेष ठाऊक आहे. ब्रिटिश हद्दीतील मराठीत 'मुलकी' म्हणजे महसुली, जसे मुलकी पाटील. निजामाच्या राज्यात मात्र 'मुलकी' म्हणजे त्या राज्याचा मूळ रहिवासी, आणि बाहेरचा तो 'गैरमुलकी'. नोकरी मिळणे न मिळणे या एका अक्षरावर ठरत असे. भाषा एक, शब्द एक, आणि मध्ये सीमा आल्यामुळे अर्थ दोन, असे हे उदाहरण आहे. तेव्हा देश कोणता हे ठरविणाऱ्या शब्दाच्या मागे कोणाची सत्ता व कोणाची सोय उभी आहे, हे पाहिल्यावाचून शब्दाचा अर्थ लागत नाही. रेडिओच्या यादीसही हाच नियम लागू आहे.

आता त्या यादीतून आपल्याकडील जी नावे गळाली त्यांकडे वळू. पहिले नाव फ्रेंच हिंदुस्थानचे. पाँडिचेरी, कारिकल, माहे व यानम यांचा प्रत्यक्ष कारभार १ नोव्हेंबर १९५४ रोजी भारताकडे आला. तहावर सह्या झाल्या त्या २८ मे १९५६ रोजी. आणि फ्रान्सने तो तह मान्य करून कायदेशीर हस्तांतर पुरे झाले ते १६ ऑगस्ट १९६२ रोजी. रेडिओच्या यादीने यांपैकी पहिली तारीख मानली. ३१ ऑक्टोबर १९५४ पर्यंतची संभाषणे फ्रेंच हिंदुस्थानची, त्यापुढची भारताची. कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ आठ वर्षे जे राज्य फ्रेंचांचे राहिले, ते यादीच्या दृष्टीने एका रात्रीत संपले.

दुसरे उदाहरण गोव्याचे. येथे एक विशेष सांगितला पाहिजे. पोर्तुगीजांच्या दृष्टीने गोवा, दमण व दीव मिळून एकच राज्य होते. परंतु यादीत गोवा हे एक नाव होते व दमण-दीव हे दुसरे. मधल्या समुद्राच्या व परमुलखाच्या अंतरामुळे भूगोलाचे तत्त्व येथे राजकारणाच्या तत्त्वावर चढले. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने कारवाई केली व १९ डिसेंबर रोजी पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. संविधानाच्या बाराव्या दुरुस्तीने २० डिसेंबर १९६१ पासून हा प्रदेश भारतात समाविष्ट मानला. यादीने ३१ डिसेंबर १९६१ ही शेवटची तारीख धरली, आणि दोन्ही नावे एकदमच खोडली गेली. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते मात्र ३१ डिसेंबर १९७४ रोजीच्या तहाने. यादीने ज्या गोष्टीस बारा दिवस घेतले, त्या गोष्टीस लिस्बनने तेरा वर्षे घेतली. हुकूमशाही कोसळल्यावाचून तेथील सरकारला ते शक्यही झाले नाही.

गोव्याच्या प्रकरणात बिनतारी यंत्राचे राजकीय मोल किती होते हे आणखी दोन गोष्टींवरून दिसते. नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या परिसरातील जंगलातून एक गुप्त नभोवाणी केंद्र चालविले. कोंकणी व पोर्तुगीज या दोन भाषांत तेथून गोव्याशी बोलले जाई, आणि हे कार्य डिसेंबर १९६१ पर्यंत चालू राहिले. त्या ध्वनिलहरींना कोणत्याही यादीत 'देश' नव्हता. भारताच्या भूमीवरून निघून गोव्याच्या नावाने बोलणारा तो आवाज होता. दुसरी गोष्ट अशी की, १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानदलाने ज्या लक्ष्यांवर हल्ला केला त्यांत बांबोळीचे बिनतारी केंद्र होते. राज्य जिंकावयाचे म्हणजे आधी त्याचा आवाज बंद करावयाचा, हे त्या काळच्या सेनापतींसही उमगलेले होते.

याउलट, दादरा व नगर हवेली यांची कथा पाहावी. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात स्वयंसेवकांनी हा मुलूख मुक्त केला. त्यांत महाराष्ट्रातील अनेक तरुण होते. संगीतकार सुधीर फडके हे त्यांपैकी सर्वांस ठाऊक असलेले नाव. तेव्हापासून ११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतात विलीन होईपर्यंत, म्हणजे सात वर्षे, या प्रदेशाने आपला कारभार वरिष्ठ पंचायतीच्या द्वारे स्वतःच चालविला. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्याच्या वाटेवरून खटला चालला व १९६० साली निकाल झाला. असे असूनही यादीत त्याचे नाव कधी आले नाही. प्रत्यक्ष सत्ता ज्याच्या हाती त्याचा देश, हा नियम जर यादी पाळीत होती, तर हा अपवाद का? एवढेच म्हणता येते की, ज्याच्या वतीने कोणी परवाना देत नाही आणि जेथून कोणी बोलत नाही, अशा मुलखाचा प्रश्न यादीकारापुढे येतच नाही. आवाज नसलेले राज्य यादीस ऐकू येत नाही.

येथवर आपण यादीतून गेलेली नावे पाहिली. मराठवाड्याच्या वाचकास सर्वांत जवळचा प्रश्न याहून वेगळा आहे: हैदराबादचे काय? निजामाचे राज्य ८२ हजारांहून अधिक चौरस मैलांचे होते, आणि १९४१ च्या खानेसुमारीत त्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख भरली होती. गोव्याचे क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस मैल. निजामाचे नाणे स्वतःचे, टपाल तिकिटे १८६९ पासून स्वतःची, रेल्वे स्वतःची, उस्मानिया विद्यापीठ स्वतःचे. एवढेच नव्हे, तर नभोवाणीही स्वतःची होती. 'डेक्कन रेडिओ' हे हैदराबादचे केंद्र १९३५ पासून निजाम सरकारच्या ताब्यात होते, व औरंगाबादेसही (आजचे छत्रपती संभाजीनगर) एक केंद्र होते. तरीही युद्धोत्तर यादीतून खोडलेल्या देशांच्या नावांत हैदराबादचे नाव सापडत नाही, कारण ते तेथे आलेलेच नव्हते. एक गोवा दोन ओळी अडवून बसला होता, आणि त्याच्या पन्नासपटींहून मोठे राज्य एका ओळीसही पात्र ठरले नाही.

याचे कारण शोधू लागले म्हणजे यादीचे खरे ऐतिहासिक मोल कळते. बिनतारी अक्षरांचे वाटप आंतरराष्ट्रीय संघाच्या सभासदांत झाले. हिंदुस्थान १८६९ पासून आंतरराष्ट्रीय तारसंघाचा सभासद होता. निजामाचे राज्य कधीच नव्हते. परराष्ट्रव्यवहार व दळणवळणाचे आंतरराष्ट्रीय करार सार्वभौम ब्रिटिश सत्तेच्या हाती होते. नाणे पाडण्याची मोकळीक निजामास होती, पण जगाशी स्वतःच्या नावाने बोलण्याची नव्हती. सीमेच्या आत जे राज्य होते, ते सीमेबाहेर बोलू लागताच 'हिंदुस्थान' होई. जून १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा त्याच्या दाव्यातील कच्चा दुवा नेमका कोठे होता, हे कायद्याच्या जाड ग्रंथांपेक्षा या हौशी लोकांच्या यादीतील एका अनुपस्थितीने अधिक थोडक्यात सांगितले आहे.

अर्थात याद्या निरनिराळ्या असतात आणि त्यांची उत्तरेही निरनिराळी असतात. टपाल तिकिटांच्या संग्राहकांच्या सूचीत हैदराबादला स्वतंत्र स्थान आहे, कारण त्यांचा प्रश्न 'तिकीट कोणी काढले' हा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे निजाम सरकारने ऑगस्ट १९४८ मध्ये तक्रार नेली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य राज्यात शिरले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी, लोक ज्यास आजही 'पोलीस ॲक्शन' म्हणतात ती कारवाई संपली. आणि त्याच महिन्यात निजामाने तक्रार परत घेतली. १९४९ च्या मे महिन्यानंतर समितीने त्या विषयावर चर्चा केली नाही. तथापि 'हैदराबादचा प्रश्न' हे कलम समितीच्या विचाराधीन विषयांच्या यादीत पुढे कित्येक दशके छापले जात राहिले. राज्य नाहीसे झाले, तक्रार करणाराने हात काढून घेतला, आणि यादीतील ओळ मात्र जिवंत राहिली. एका यादीत जे नाव कधी आलेच नाही, ते दुसऱ्या यादीतून जाता जात नव्हते. यांपैकी कोणतीही यादी खोटी नाही. प्रत्येकीने आपल्यापुढील प्रश्नाचे उत्तर दिले आहे, आणि अभ्यासकाने प्रथम तो प्रश्न ओळखावयाचा आहे.

यादीकार नेहमीच सुसंगत वागले असेही म्हणता येणार नाही. फ्रेंच हिंदुस्थान व गोवा येथे प्रत्यक्ष ताबा हीच कसोटी धरलेली दिसते. सिक्कीमच्या बाबतीत ३० एप्रिल १९७५ ही अखेरची तारीख आहे. सिक्कीममधील जनमत त्याच महिन्यात घेतले गेले, व संविधानाच्या छत्तिसाव्या दुरुस्तीने ते भारताचे घटक राज्य झाले ते १६ मे १९७५ रोजी. तेथील अखेरचे सत्ताधारी चोग्याल पाल्देन थोंडुप नामग्याल हे स्वतः हौशी चालक होते व 'एसी ३ पीटी' या संकेतनामाने बोलत. राजा आणि यादीतील देश यांचा अस्त एकाच वेळी झाल्याचे हे विरळा उदाहरण होय. तिबेटात मात्र चिनी सैन्य १९५० साली शिरले, १९५१ साली करार झाला, आणि यादीत तिबेटचे नाव ३० मे १९७४ पर्यंत टिकले. ताब्याची कसोटी येथे तेवीस-चोवीस वर्षे बाजूस राहिली. सोव्हिएत संघाचे उदाहरण याहून बोलके आहे. युक्रेन, जॉर्जिया, आर्मेनिया इत्यादी घटक गणराज्ये संघात असतानाच यादीत स्वतंत्र देश म्हणून मोजली जात. १९९१ साली संघ मोडला तेव्हा राजकीय नकाशा उलथापालथ झाला, पण यादीस फारसे काही करावे लागले नाही. आपल्याकडे मात्र १९५६ साली भाषावार राज्ये झाली, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि यादीने त्यांची दखल घेतली नाही. या सर्वांवर 'व्हीयू' हीच अक्षरे कायम राहिली.

अक्षरांचाही एक प्रवास असतो. गोवा गेल्यावर 'सीआर ८' हे चिन्ह पोर्तुगीजांनी आपल्या पूर्वेकडील तिमोर वसाहतीस दिले. इंडोनेशियाने तिमोर व्यापल्यावर तेही नाव सप्टेंबर १९७६ मध्ये यादीतून गेले. साम्राज्याचे एक लेबल पणजीहून दिलीस गेले आणि तेथेही त्यास थारा मिळाला नाही. पुढे १ मार्च २००० पासून पूर्व तिमोर नव्या अक्षरांनी यादीत आला, आणि २००२ साली ते राष्ट्र स्वतंत्र झाले.

भूगोलाच्या तत्त्वाचे आपल्याकडील जिवंत उदाहरण अंदमान-निकोबार व लक्षद्वीप यांचे आहे. राजकीय दृष्ट्या ते निर्विवादपणे भारताचे भाग आहेत, तरी मुख्य भूमीपासूनच्या अंतरामुळे यादीत त्यांची गणना निराळी होते. हा निव्वळ मोजदादीचा खेळ आहे असे कोणास वाटेल. परंतु याच वेगळेपणामुळे जगभरच्या चालकांस अंदमानशी बोलण्याची ओढ होती, आणि डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ या संस्थेचे एक पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली परवानगी घेऊन पोर्ट ब्लेअर येथे गेले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. नेहमीचे दळणवळण कोलमडले, आणि संभाषणे मोजण्यासाठी नेलेली यंत्रे अडकलेल्या माणसांची खबर पोहोचविण्यासाठी उपयोगी पडली. यादीतील एका ओळीचा परिणाम प्रत्यक्ष माणसांच्या जिवापर्यंत पोहोचतो, तो असा.

१९९८ साली या यादीचे नियम नव्याने बांधण्यात आले, आणि 'देश' हा शब्दच काढून त्याच्या जागी 'घटक' अशा अर्थाचा शब्द योजण्यात आला. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ही घटना विशेष उद्बोधक वाटते. साठ वर्षे एका शब्दावर दोन अर्थांचा भार टाकला होता. तो शब्दास पेलेनासा झाला, म्हणून शब्द बदलला. शब्द बदलल्याने प्रश्न सुटला असे नव्हे. कोसोवोचे नाव २०१८ साली यादीत आले व संख्या ३४० झाली, त्या वेळीही कोण कोणास मान्यता देतो हाच वाद मुळाशी होता.

या यादीचा एक नियम मात्र सर्व घालमेलीत अढळ राहिला आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तोच आपल्या शास्त्रास सर्वांत उपयोगी आहे. खोडलेले नाव नष्ट होत नाही. ते निराळ्या यादीत, अखेरच्या तारखेसह, कायमचे नोंदलेले राहते. आणि ज्याने त्या तारखेपूर्वी संभाषण केले त्याचे श्रेय त्याच्याकडे राहते. १९५९ साली गोव्याशी बोललेल्या मनुष्यास आज कोणी असे म्हणत नाही की, तू भारताशीच बोललास. त्याच्या जवळचे क्यूएसएल पत्र खरेच 'सीआर ८' चे आहे. पुढे काय झाले यावरून मागे काय होते ते बदलत नाही, हे तत्त्व त्या नियमात आहे.

आपल्या प्रशासकीय याद्यांची रीत याच्या उलट आहे. अहमदपूरचेच पाहा. हा तालुका निजामाच्या राज्यात बीदर जिल्ह्यात होता. १९४८ नंतरही हैदराबाद राज्यात तेथेच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर म्हैसूर राज्यात गेले, तेव्हा अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा निघाला व अहमदपूर त्यात आले. उस्मानाबादचे नाव २०२३ पासून धाराशिव झाले आहे. म्हणजे जागेवरून न हलता एका माणसाने एका आयुष्यात चार राज्ये आणि तीन जिल्हे पाहिले. पण आजच्या कोणत्याही सरकारी यादीत त्याच्या गावासमोर एकच जिल्हा असतो. पूर्वीच्या ओळी खोडलेल्या नसून पुसलेल्या आहेत. खोडलेले वाचता येते. पुसलेले वाचता येत नाही.

जे यादीने पुसले ते बोलीने काही काळ राखले. निजामाच्या मुलखास जुने लोक 'मोगलाई' म्हणत. निजामाने दिल्लीच्या मोगलांपासून आपला कारभार अलग केला तो १७२४ साली. दिल्लीची मोगल बादशाही संपली १८५७ मध्ये. आणि तरी 'मोगलाई' हा शब्द १९४८ पर्यंत, आणि त्याही पलीकडे, मराठी माणसाच्या तोंडी राहिला. भाषेची यादी सरकारच्या यादीहून फार सावकाश बदलते. तिच्यात एक उणीव मात्र आहे. ती नावे टाकते तेव्हा तारीख लिहीत नाही. 'मोगलाई', 'गैरमुलकी', 'संस्थानी अंमल' हे शब्द कोणत्या गावी, कोणाच्या तोंडून, केव्हा शेवटचे सहजपणे उच्चारले गेले, हे कोणासही सांगता येणार नाही, जर ते आता नोंदले नाही तर.

या नोंदीस सवड थोडी आहे. १९४८ साली जी मुले दहा-बारा वर्षांची होती ती आज नव्वदीच्या घरात आहेत. ज्यांची शाळेतील पहिली भाषा उर्दू व घरातील मराठी होती, ज्यांच्या तोंडी कानडी व तेलुगू शब्दांची सरमिसळ राज्यसीमेमुळे नव्हे तर बाजाराच्या वाटेमुळे झाली होती, असे बोलणारे दरवर्षी कमी होत आहेत. अहमदपूर, उदगीर, निलंगा आणि पलीकडील बीदर, भालकी, औराद या पट्ट्यात जे विद्यार्थी बोलीचे नमुने गोळा करतील त्यांना विनंती अशी की, निवेदकाच्या नावासमोर आजचा जिल्हा लिहून थांबू नये. तो शब्द त्याने शिकला तेव्हा त्याचे गाव कोणत्या राज्यात, कोणत्या जिल्ह्यात होते, त्या काळी शाळेची व कचेरीची भाषा कोणती होती, आणि तो स्वतः आपल्या मुलखास काय म्हणत असे, हेही नोंदवावे. प्रत्येक शब्दासमोर 'अमुक सालापर्यंत' असा एक रकाना असावा. हौशी रेडिओचालकांनी केवळ आपल्या छंदाचा हिशेब चोख राहावा म्हणून जी काळजी घेतली, तेवढी काळजी आपल्या माणसांच्या बोलण्याबद्दल घेणे विद्यापीठास अशक्य नाही.